बोबडा हात

मी पंच होतो असं म्हटलं की आमच्या भागात समोरचा माणूस आधी विचारतो, "कुठल्या पंचायतीत?" मग मी बास्केटबॉलचा पंच, असं सांगतो. त्यावर दुसरा प्रश्न ठरलेला, "म्हंजे तुमी शिट्टी वाजवायचे व्हय?" वाजवायचो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांच्या मैदानांवर उमेदीची सगळी वर्षं वाजवली. पण शिट्टी हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. ती कुकरलाही येते. अवघड असतो तो शिट्टीनंतरचा हात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदानाच्या कडेला एक टेबल मांडलेलं असतं. तिथं गुण लिहिणारा आणि घड्याळ सांभाळणारा असे दोघं-तिघं बसतात. मैदानात काय झालं ते त्यांना पंचाच्या हातावरून कळतं, कारण पोरांच्या गलक्यात शब्द काही पोचत नाही. शिट्टी वाजवून मूठ वर गेली की फाउल, म्हणजे कुणीतरी कुणाला धक्का मारला, धरलं किंवा अडवलं. मग पंचानं टेबलासमोर येऊन उभं राहायचं, बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवायचा, फाउल कसला ते दाखवायचं आणि शेवटी शिक्षा काय ते, म्हणजे समोरच्याला किती फ्री थ्रो, एकेक गुणाचे मोकळे नेम. पाच फाउल झाले की तो खेळाडू बाहेर, त्या सामन्यात परत येणं नाही.

आणखी एक रिवाज होता. ज्याचा फाउल धरला त्यानं टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा. "होय, मी केला," असं चारचौघांत कबूल करणं ते. पुढे हा नियम गेला. आम्ही मात्र आमच्याकडे तो चालू ठेवला. पोरांना बास्केटबॉल नाही आला तरी एवढं यावं, असं मला वाटायचं आणि इतर शिक्षकांनाही ते पटलं.

मी जुन्नरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आणि लगोलग पंचाची परीक्षा एका दमात पास होऊन आलो. लेखी. त्या जोरावर अणे पठारावरच्या एका गावात यात्रेनिमित्त मी प्रदर्शनीय सामना ठेवला. गावानं मंडप घातला, सतरंज्या अंथरल्या, कर्णे लावले. सरपंच फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. सामना सुरू झाला आणि एका पोरानं चेंडू हातात घेऊन, टप्पा न देता, शेतातून चालावं तशी पावलं टाकली. याला ट्रॅव्हलिंग म्हणतात. त्याची खूण म्हणजे दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरगर फिरवायच्या. मी नवा, उत्साही. शिट्टी मारली आणि लोकांना नीट समजावं म्हणून मुठी चांगल्या चार वेळा फिरवल्या.

लोकांना नीट समजलं. मंडपवाल्याच्या पोरांनी सतरंज्या गुंडाळायला घेतल्या. कर्णेवाल्यानं वायर काढली. सरपंच नारळ घेऊन उठले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पावणं, लवकर आटपलं राव तुमचं. कोण जितलं?" माझी पोरं तिकडे खेळतच होती आणि त्यांच्या मधून सतरंज्या चालल्या होत्या. मुठी फिरवणं म्हणजे 'गुंडाळा', हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त मला कळलं नव्हतं.

हसून सोडायची गोष्ट होती. पण तेव्हा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. मी मंडपवाल्यावर ओरडलो, कर्णेवाल्यावर ओरडलो, ओरडता ओरडता सरपंचांवरही ओरडलो. मग सगळं गावच ओरडायला लागलं. सामना तिथंच खरोखरीचा गुंडाळला गेला.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी यात्रेतच होते. परत येताना टेम्पोत कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. आळे जवळ आलं तेव्हा ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तोंड लई चालतंय तुजं. आन हात बोबडा हाय."

आमच्या आळ्यात वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. ज्या गावात जनावर वेद बोललं म्हणतात, त्या गावात मास्तर झालेल्या पोराचा हात बोबडा निघावा, हे मला फार लागलं. पण आबांना तसं म्हणायचा अधिकार होता. ते बैलगाड्यांच्या शर्यतीत निशाण पाडायचे.

आमच्याकडे शर्यतीच्या मैदानाला घाट म्हणतात. खाली बैल जुंपतात, वर दूर स्टेजवर घड्याळवाला बसतो. बैल खालच्या रेषेवरून सुटले की आबा निशाण पाडायचे, ते बघून वरचा माणूस घड्याळ चालू करायचा आणि दुसरा हात उंच करायचा. त्याचा अर्थ 'दिसलं'. तो हात दिसेपर्यंत आबांचं निशाण जागचं हलायचं नाही. बैल पुढे निघून गेलेले, धुरळा उडालेला, "भिर्रर्र" म्हणून हजारो माणसं बोंबलतायत, आणि हा माणूस हात तसाच धरून उभा. गाडामालकांची भांडणं रोजची. कुणी म्हणायचं निशाण लवकर पाडलं, कुणी म्हणायचं उशिरा. पण आबांचं निशाण दिसलंच नाही, असं कुणी कधी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माझी शिकवणी सुरू झाली. घरामागे आमची विहीर आणि विहिरीच्या समोर, मधला कांद्याचा तुकडा सोडून, कांदा साठवायची बराख. आबा बराखीपाशी खाटेवर बसायचे. मी विहिरीपाशी उभा राहून शिट्टी मारायचो आणि खुणा करायचो. काय दिसलं ते आबा ओरडून सांगायचे. बास्केटबॉल त्यांना शेवटपर्यंत कळला नाही, आणि तेच माझ्या फायद्याचं होतं. जे टेबलवाल्याला माहीत असतं ते तो समजून घेतो. आबा काहीच समजून घेत नसत.

"सात!"

"आबा, आठ दाखवले."

"मंग आठ दिसूस्तवर धर ना. मला सातच दिसले, आठवा खिशात घातलास तू."

अडवल्याच्या फाउलला, म्हणजे ब्लॉकिंगला, दोन्ही हात कमरेवर ठेवतात. ते पाहून आबांनी तिकडून हात जोडले. "इठोबा झालास व्हय रं?" माझी बायको सुमन कांदा निवडता निवडता म्हणाली, "इठोबा कसले, सासूबाई भांडायला उभ्या ऱ्हायच्या तशे दिसतायत." आबांना ते इतकं पटलं की पुढे ब्लॉकिंगला ते 'म्हातारी' म्हणायला लागले. "नंबर धा, म्हातारी, दोन!" असा निकाल तिकडून यायचा आणि तो बरोबर असायचा.

हात वर करणारा खेळाडू मात्र आमच्याकडे नव्हता. ती जागा मंजूनं घेतली. आमची मुलगी तेव्हा नुकती धावायला लागली होती. मी मूठ वर केली की ती कुठे असेल तिथून पळत वाफ्यात यायची आणि आबांकडे तोंड करून हात वर करायची. कधी एक, कधी दोन्ही. आबा खाटेवरून आपला हात वर करायचे, "दिसलं!" मगच ती हात खाली घ्यायची. दिवसभरात केलेल्या सगळ्या खोड्या अशा कबूल करून टाकल्यासारखी हसायची. त्या वर्षांतला माझा सगळ्यात चांगला काळ तो, असं आता वाटतं. तेव्हा कांदा तुडवते म्हणून ओरडलोही असेन.

खुणा सुधारल्या, पण डोकं ताब्यात यायला वेळ लागला. पंचाला शिव्या पडणारच. ज्याच्या बाजूनं निकाल दिला तो म्हणतो नियमच तसा आहे, ज्याच्या विरुद्ध दिला तो म्हणतो पंचच तसा आहे. एकदा एका शाळेचे शिक्षक भर सामन्यात माझ्या घराण्याबद्दल बोलले. मी तसाच चालून गेलो, लोकांनी मला धरलं. घरी आल्यावर आबांना सांगितलं. मला वाटलं होतं तितका राग त्यांना आला नाही. म्हणाले, "माज्या घराण्याबद्दल घाटात रोज बोलत्यात. शिवी कानात येऊ दे. हातात उतरू देऊ नगं." आणि एक युक्ती सांगितली. निशाण पाडल्यावर कुणाच्या तोंडाकडे म्हणून बघायचं नाही. फक्त घड्याळवाल्याकडे बघायचं. तोंडं बघितली की हात हलतो.

ही युक्ती मी पक्की धरली. शिट्टी मारली, मूठ वर गेली, की माझ्यासाठी मैदानात टेबल सोडून काही उरायचं नाही. खेळाडू, त्यांचे शिक्षक, बाहेरची माणसं, सगळी माझ्या पाठीमागे. लोक म्हणायला लागले, मास्तर शांत झाले. शांत बिंत कुणी होत नाही. मी फक्त पाठ फिरवायला शिकलो होतो.

तरी एक माणूस मला हसवल्याशिवाय राहायचा नाही. बबनशेठ. आळेफाट्याला त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं, आणि आमच्या स्पर्धांना ते दरवर्षी ढाल द्यायचे. प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा एक नियम आहे. एवढा एकच नियम शेठनी कुठून तरी उचलला होता. त्यामुळे मैदानात काहीही झालं की ग्रीसनं माखलेली तीन बोटं नाचवत ते ओरडायचे, "थ्री सेकंद! मास्तर, थ्री सेकंद!" एकदा कबड्डीच्या सामन्यातही ओरडले होते. पण माणूस जिवाचा. सामना संपला की हॉटेलात नेऊन भजी खिलवायचे आणि विचारायचे, "आज एकतरी व्हतं का न्हाई थ्री सेकंद, खरं सांगा."

मंजू नववीत गेली त्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. निशाणाचा हात मांडीवर निपचित पडून राहिला. काही महिन्यांनी थोडे आवाज फुटायला लागले, पण शब्दांना कडा नव्हत्या. माझ्या हाताला बोबडा म्हणणाऱ्या माणसाची जीभ बोबडी झाली, आणि मला ते ऐकवत नसे. मी कामाचं निमित्त काढून बाहेर जायचो. मंजू बसायची. ती त्यांच्या खाटेवर बसून तासन्‌तास ऐकायची, आणि हळूहळू तिला आबांचं सगळं कळायला लागलं. आबांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, ते आम्ही मंजूला विचारायचो.

मंजू एव्हाना आळ्याच्या शाळेच्या संघात खेळत होती. नऊ नंबर. उंची सुमनच्या माहेरची, आणि राग, दुर्दैवानं, माझा. ती दहावीत असताना घोडेगावला दोन तालुक्यांची मुलींची स्पर्धा होती. जिंकणारा संघ पुण्याला जाणार होता. मंजूचं शाळेतलं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. ती पुण्याच्या गोष्टी अशा करायची की जणू तिकीट काढून झालंय. "पुन्याला लाकडी कोर्ट असतं आबा. पाय सरकत न्हाईत," असं मी तिला सांगताना ऐकलं होतं.

अंतिम सामन्याला आबांनाही न्यायचं तिनं ठरवलं. बबनशेठनी जीप दिली. खुर्चीसकट आबांना आम्ही मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, टेबलाच्या बाजूला बसवलं.

समोर संघ होता भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेचा. भातखाचरांच्या बांधांवर धावून तयार झालेल्या, किडकिडीत, वाऱ्यासारख्या पोरी. त्यांचे लोहकरे सर स्वतः पदरमोड करून त्यांना बूट घ्यायचे. ही शाळा यापूर्वी कधी अंतिम सामन्यापर्यंत आली नव्हती.

आळ्याच्या सामन्याला मी उभा राहणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. बाप पंच आणि मुलगी खेळाडू, हे नियमाला धरून नाहीच, लाजेलाही धरून नाही. पण ज्यांना यायचं होतं ते पंच वाटेत मोटारसायकलवरून पडले आणि हात प्लास्टरमध्ये घालून बसले. दोन पंच लागतात. उरलो मी आणि एक अगदी नवा मुलगा. सामना पुढे ढकलावा तर आश्रमशाळेच्या पोरींना मुक्कामाची सोय नव्हती. आयोजक माझ्याकडे बघायला लागले. मी लोहकरे सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, नऊ नंबर माझी मुलगी आहे. तुम्ही नाही म्हणा. मला वाईट वाटणार नाही."

"ठाऊक हाय मला, सर," ते म्हणाले. "तुमीच करा. तुमचा हात आमाला वाचता येतो."

आयुष्यात मला बरीच प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती कुठे आहेत ते सुमनला विचारावं लागेल. हे वाक्य मात्र कुठे ठेवलंय ते मला माहीत आहे. त्या वेळी त्याचा आनंद झाला नाही. छातीवर कुणी गोणी ठेवावी तसं झालं.

सामना चुरशीचा झाला. मंजू सुरेख खेळली, ते मला बघायचं नव्हतं तरी दिसत होतं. तिचे चार फाउल झाले, त्यांतले दोन मी दिले, दोन त्या नव्या मुलानं. प्रत्येक वेळी तिनं हात वर केला असणार. मी टेबलाकडे बघत होतो.

अगदी शेवटी आळे एका गुणानं पुढे होतं. आश्रमशाळेची चार नंबरची जनी, सगळ्यांत बुटकी पोरगी, चेंडू घेऊन मधून घुसली. मंजू कडेनं धावत आडवी आली. आडवं येऊन आधी उभी राहिली असती तर फाउल जनीचा झाला असता. पण टक्कर झाली तेव्हा मंजूचे पाय अजून सरकत होते. हातभराचा फरक. नवा पंच लांब होता, मधे चार पोरी होत्या. ते सरकणारे पाय मैदानात मी एकट्यानं पाहिले.

लोक विचारतात, तेव्हा मनात काय आलं. काही आलं नाही. शिट्टी वाजून गेली होती, मूठ वर होती. मग मागून आवाज आला, हळूच, फक्त मला ऐकू येईल असा.

"पप्पा, न्हाई ना."

इतक्या वर्षांत मी कानावर पडलेल्या कितीतरी शिव्या कानातच ठेवल्या होत्या. हे 'पप्पा' सरळ हातात उतरायला बघत होतं. मी मागे वळलो नाही. टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची चार. नऊ. मग दोन्ही हात कमरेवर. मग दोन बोटं, दोन फ्री थ्रो. टेबलावर डुंबरेबाई गुण लिहीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे मंजूकडे पाहिलं, आणि पेन्सिल काही उचलेनात. मी हात तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनी लिहिलं आणि हात वर केला. तेव्हाच मी माझा खाली घेतला आणि पाठ फिरवून फ्री थ्रोच्या रेषेकडे गेलो. मागे मैदान एकदम शांत झालं. बबनशेठसुद्धा गप्प होते. मग टाळ्या वाजल्या. त्या जनीसाठी असतील असं मला वाटलं.

जनीनं दोन्ही टाकले. वेळ संपली. आश्रमशाळेच्या पोरी ओरडल्याही नाहीत. एकमेकींना धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि लोहकरे सर रुमालानं चष्मा पुसत बसले.

येताना जीपमध्ये मंजू आबांच्या शेजारी बसली. तिनं मला काही म्हटलं नाही. राग केला असता तर बरं झालं असतं. राग मला ओळखीचा आहे. जेवताना तिनं आईला विचारलं, "सरांना भाकरी वाढू का अजून?"

"बापाला सर म्हनतीस व्हय गं!" सुमन म्हणाली.

"नको," मी म्हणालो, "पोट भरलं." भाकरी तशीच ताटात होती.

पुढेही ते तसंच चाललं. ती शाळेत जायची, आबांचं करायची, अभ्यास करायची, विचारलं तेवढं सांगायची. 'सर' काही सुटलं नाही. मी बरोबर होतो हे मला माहीत होतं आणि तिलाही. दोघांनाही माहीत असलेल्या गोष्टीवर बोलायचं काय? मी शाळेतून मुद्दाम उशिरा निघायला लागलो.

अशाच एका संध्याकाळी आळेफाट्याला बबनशेठनी माझी स्कूटर अडवली. मला वाटलं भज्यांचं आमंत्रण. त्यांचं तोंड मात्र वेगळंच होतं.

"मास्तर, पोरीचा हात बगितला व्हता का त्या दिशी?"

"कुठला हात?"

"आँ! म्हंजे खरंच न्हाई बगितला?" शेठनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमी टेबलाकडनं पाठ फिरवून गेला ना, तवा पोरगी जाग्यावरच. डोळ्यांतून धार लागलेली. लोक म्हनले, आता ही चेंडू फेकून मारती. तिनं टेबलाकडं तोंड केलं आन हात वर केला. असा, सरळ. आन खाली घेईचना. त्या बाईंनी मान हलवली, तरी न्हाई. तुमच्याकडं बगत व्हती ती, तुमच्या पाठीकडं. मंग तुमच्या आबांनी डावा हात उचलला. खुर्चीवरनं पडतील असं वाटलं आमाला. त्यांचा हात बगितला, तवा तिनं आपला खाली घेतला आन गेली. टाळ्या मंग कुनाला वाजल्या? सारं ग्राउंड बगत व्हतं, मास्तर. तुमी सोडून."

शेठनी पाना उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "मला काय कळत न्हाई त्यातलं. मला आपलं थ्री सेकंद."

आबांनी मला शिकवलं होतं, तोंडं बघू नकोस, ज्यानं बघायचं त्यानं बघितलं की नाही तेवढं बघ. यातलं अर्धंच मी उचललं. टेबलानं बघितलं की झालं, असं मी धरून चाललो. पण त्या दिवशी त्या पोरीचा हात टेबलासाठी नव्हताच. वाफ्यातून पळत येऊन हात वर करणारी मंजू कधीच कुणी बघितल्याशिवाय हात खाली घेत नसे. हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार होतं? आळेफाट्यापासून आळ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, तरी मी स्कूटर दोनदा थांबवली. एकदा डोळ्यांत कचरा गेला म्हणून. दुसऱ्यांदा तेही कारण सुचलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बराखीपाशी सुमन आणि मंजू कांदा निवडत बसल्या होत्या, शेजारी खाटेवर उशांच्या आधारानं आबा. मी घरात गेलोच नाही. मागच्या बाजूनं विहिरीपाशी गेलो, जिथं पूर्वी उभा राहायचो तिथं. खिशात शिट्टी होती. ती असतेच.

शिट्टी वाजवली आणि मूठ वर केली.

सुमननं मान वर केली. "आवो, काय खूळ लागलं का? चहा घ्यायचा सोडून."

मी पाच बोटं दाखवली आणि चार. नऊ. कमरेवर हात. मग दोन बोटं. आणि ती दोन बोटं तशीच धरून उभा राहिलो. मंजूनं एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून कांदा निवडायला लागली. एक चांगला कांदा तिनं सडक्यांत टाकला, तो सुमननं उचलून परत इकडे टाकला. माझा खांदा भरून आला. पूर्वीसारखा हात आता राहत नाही. तरी मी तो हलवला नाही.

मग मंजू उठली. ओढणीला हात पुसले. बराखीपुढे येऊन, विहिरीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

मी तिच्याकडे बघितलं. टेबल नव्हतंच, पण असतं तरी तिच्याकडेच बघितलं असतं. किती उंच झाली होती! तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, लहानपणी रडू दाबताना व्हायचं तसं. हात मात्र सरळ होता, स्वच्छ, शंभर पावलांवरून आंधळ्यालाही वाचता यावा असा. असा हात मला कधी जमला नाही. तो आबांचा होता.

मी दुसरा हात वर केला आणि जेवढा होता तेवढा आवाज काढून ओरडलो, "दिसलं!"

ती हात खाली घेईना. मीही घेईना. दोघं कांद्याच्या वाफ्याच्या दोन टोकांना हात वर करून उभे, आणि दोघांचेही डोळे गळतायत. तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. आबांचा डावा हात थरथरत वर आला होता, आणि ते काहीतरी म्हणत होते. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. मला एक अक्षर कळेना.

"मंजू, काय म्हणतायत आबा?" मी विहिरीपासून ओरडलो.

तिनं मान वळवून ऐकलं, आणि त्या रडक्या तोंडानं ती हसली.

"आबा म्हनत्यात," ती ओरडली, "पप्पांना सांग, दिसलं समद्यांला. आता हात खाली घ्या, कांदा निवडायचा राह्यलाय."

मी हात खाली घेतला. मग तिनं घेतला.